यॉर्कला आई-बाबा येणार आहेत? हॉटेल बुक करायच्या आधी हे वाचा

इंग्लंडात यॉर्कला शिकायला नवीन आलेल्यांचे फोन मला वर्षातून दोन वेळा येतात. एकदा सप्टेंबरात, युनिव्हर्सिटीची खोली ताब्यात यायच्या आधी तीन-चार रात्री कुठे काढायच्या म्हणून, आणि नंतर कॉन्व्होकेशनला आई-बाबा येणार असतात तेव्हा. प्रश्न ठरलेला, यॉर्कात चांगलं हॉटेल कुठलं? आणि माझा उलटा प्रश्नही ठरलेला, येणाऱ्यांचे गुडघे कसे आहेत?

हसू नका, खरंच इथूनच सुरुवात करायची. हे गाव रोमन लोकांनी इ.स. 71 मध्ये वसवलेलं, तटबंदीच्या आत पुष्कळ इमारती जुन्या आणि लिस्टेड, म्हणजे मालकाला वाटलं म्हणून लिफ्ट बसवता येत नाही, परवानगी लागते आणि बऱ्याचदा मिळतच नाही. त्यामुळे फोटोत एकदम सुंदर दिसणारं, लाकडी तुळयांचं छत वगैरे असलेलं जे हॉटेल तुम्ही पसंत करता ना, त्यात तुमची रूम तिसऱ्या मजल्यावर पोटमाळ्यात निघते, जिना एवढा अरुंद की समोरून कोणी आलं तर मागे फिरावं लागतं, आणि हातात तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यातली एक चकली-लाडवांची. तेव्हा बुकिंग साईटवर काय लिहिलंय ते वाचा पण त्यावर थांबू नका, हॉटेलला सरळ फोन लावा आणि विचारा, लिफ्ट आहे का, ती आमच्या मजल्यापर्यंत येते का, लिफ्टमधून उतरल्यावर परत पायऱ्या आहेत का. हा तिसरा प्रश्न विसरू नका, जुन्या घरं जोडून केलेल्या हॉटेलांत लिफ्टनंतर चार पायऱ्या वर आणि तीन खाली असला प्रकार नेहमीचा आहे.

मग बाथरूम. इकडे बऱ्याच ठिकाणी शॉवर बाथटबच्या आत असतो, टबची कड गुडघ्याएवढी उंच आणि आतला तळ गुळगुळीत. साठी उलटलेल्या माणसाला रोज सकाळी ती कड ओलांडायला लावू नका. ‘वॉक-इन शॉवर’ हवा असं स्पष्ट सांगा, नुसतं ‘शॉवर आहे का’ विचारलंत तर ते हो म्हणणार, खोटं पण नाही बोलत बिचारे. काही जण म्हणतात की मग अपंगांसाठीची रूमच मागून घ्यावी, तर खरंच गरज असेल तर जरूर घ्या, पण मग बाबांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. इथे बाथरूमचा दिवा पुष्कळदा छताला लटकणारी दोरी ओढून लागतो, पांढरी दोरी. आणि या अशा रूममध्ये एक लाल दोरीपण असते, ती मदतीसाठीची अलार्मची. पहाटे पाच वाजता दिवा समजून लाल दोरी ओढली की रिसेप्शनवरचा माणूस धावत येतो आणि बाबा टॉवेलमध्ये उभे. हे इतक्या घरांत झालंय की आता मी आधीच सांगून टाकते. आणि हो, जेट स्प्रे कुठेच नसतो, छोटा मग बॅगेत टाकायला सांगा.

आता कुठे राहायचं. स्टेशन तटबंदीच्या अगदी बाहेर आहे, तिथून लेंडल ब्रिज ओलांडून मिन्स्टरपर्यंत (गावातलं मोठं कॅथेड्रल) दहा-पंधरा मिनिटं चालत. वयस्कर माणसं असतील तर माझं मत सरळ आहे, स्टेशनच्या बाजूला राहा. स्टेशनला चिकटून 1878 सालचं जुनं रेल्वे हॉटेल आहे, रॉयल यॉर्क, मग प्रिन्सिपल, हल्ली मिलनर, नावं बदलत राहतात पण बिल्डिंग तीच, प्लॅटफॉर्मवरून बॅग ओढत दोन मिनिटांत रिसेप्शन. थोडं पुढे द ग्रँड, ते 1906 मध्ये नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचं मुख्य कार्यालय म्हणून बांधलेलं, 2010 पासून हॉटेल, गावातलं पंचतारांकित म्हणजे हेच, महाग आहे, पण आई-बाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस वगैरे असेल तर एक रात्र काढायला हरकत नाही, जिने आणि कॉरिडॉर बघूनच कळतं की रेल्वे कंपन्यांकडे त्या काळी काय पैसा होता. मधल्या बजेटवाल्यांसाठी ब्लॉसम स्ट्रीट आणि टॉफ्ट ग्रीनच्या बाजूला प्रीमियर इन, हॅम्प्टन वगैरे चेनवाले आहेत. लोक त्यांना नाकं मुरडतात, इंग्लंडला येऊन काय त्याच त्या जांभळ्या उशा, वगैरे. पण लिफ्ट असते, रिसेप्शन रात्रभर चालू असतं, पलंग चांगले असतात, आणि पहिल्यांदाच विमानातून उतरून आलेल्या माणसाला तेवढंच हवं असतं.

ब्लॉसम स्ट्रीटवरच मिकलगेट बारच्या (इथे ‘बार’ म्हणजे तटबंदीतला जुना दरवाजा) समोर एक जागा आहे जी मला स्वतःला सगळ्यात आवडते, बार कॉन्व्हेंट. 1686 साली सुरू झालेला मठ, अजून नन्स राहतात, कॅथलिक असणंच धोक्याचं होतं त्या काळात बाहेरून दिसू नये असं आत लपवलेलं चॅपल आहे, आणि वर पाहुण्यांसाठी साध्या, स्वच्छ खोल्या. चकचकाट नाही, पण शांतता आणि कॅफेतलं खाणं दोन्ही छान. नन्स आहेत म्हणून फक्त बायकांसाठी असेल असं काही नाही, कुणीही राहू शकतं.

गेस्टहाउस हवं असेल तर बूथमच्या आसपासच्या गल्ल्या बघा, मिन्स्टरला चालत दहाएक मिनिटं. घरमालक-मालकीण तिथेच राहतात, गप्पा होतात, सकाळी ताजं दूध मागितलं तर मिळतं (हॉटेलच्या रूममधल्या त्या बोटभर प्लास्टिकच्या डब्यातल्या दुधाचा चहा आपल्या लोकांना सहन होत नाही). पण इथे रात्रभर रिसेप्शन नसतं, मँचेस्टर एअरपोर्टवरून ट्रेननेच दोनेक तास लागतात, त्यात फ्लाइट लेट झाली की तुम्ही रात्री अकराला दारात आणि आत सगळे झोपलेले, तेव्हा किती वाजता पोचणार ते आधी कळवा आणि लेट झालात तर परत कळवा.

चांदण्यांबद्दल थोडक्यात. खऱ्या चांदण्या एए (ऑटोमोबाईल असोसिएशन) आणि व्हिजिटइंग्लंड (इंग्लंडची पर्यटन संस्था) देतात, त्यात हॉटेलचं मोजमाप वेगळं आणि गेस्टहाउसचं वेगळं, त्यामुळे चार स्टारचं गेस्टहाउस तीन स्टारच्या हॉटेलपेक्षा ‘मोठं’ असतं असं नाही, तिथे लिफ्ट सोडा, रात्रीचं जेवणही नसेल. बुकिंग साईटवरच्या चांदण्यांचा तर याच्याशी संबंध असेलच असं नाही.

आता नदी. ऊझ नदी गावाच्या मधून जाते आणि नदीकाठची रूम फोटोत फार छान दिसते. उन्हाळ्यात खुशाल घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र जरा विचार करा, कारण यॉर्कमध्ये पाऊस पडलाच पाहिजे असं नाही, वर डेल्सच्या डोंगरात स्वेल, यूर, निड या नद्यांना पाणी आलं की ते सगळं एक-दोन दिवसांनी इथे येतं. सांगलीकरांना हे समजवायला लागत नाही, पाऊस कोयनेला आणि पाणी आयर्विन पुलाला. 2000 च्या नोव्हेंबरात ऊझ नेहमीच्या पातळीपेक्षा पाच मीटरच्या वर चढली होती, 2015 च्या डिसेंबरात फॉस नदीच्या बाजूला पाणी शिरलं. किंग्ज स्टेथवरच्या किंग्ज आर्म्स पबमध्ये कुठल्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं त्याच्या खुणा आहेत, एकदा बघून या. हॉटेल बुडतं असं नाही, पण समोरचा रस्ता बंद, टॅक्सी दारापर्यंत येत नाही आणि बॅगा घेऊन वळसा.

आवाजाचं पण बघा. शुक्रवार-शनिवार रात्री यॉर्कात स्टॅग आणि हेन पार्ट्यांचे (लग्नाआधी मित्र-मैत्रिणींच्या पार्ट्या) घोळके फिरत असतात, मिकलगेटच्या उतारावर तर पबला पब लागून. इकडची रूम मिळाली तर ‘रस्त्याकडची नको, मागची द्या’ म्हणून सांगा. जुन्या बिल्डिंगमध्ये एसी नसतो, पंखा पण नसतो, म्हणजे जुलैत खिडकी उघडी ठेवावी लागणार आणि आवाज आत येणार, हे दोन्ही एकत्र धरून चाला.

तारखांचा खेळ सगळ्यात महत्त्वाचा. हे नेव्समायर मैदानावरच्या घोड्यांच्या शर्यतींचं गाव. मे महिन्यात दांते मीटिंग, ऑगस्टमध्ये चार दिवसांचा इबोर फेस्टिव्हल, त्या दिवसांत तीच रूम दुप्पट-अडीचपट दराने जाते आणि तरीही मिळत नाही. नोव्हेंबर मध्यापासून ख्रिसमस मार्केट, फेब्रुवारीत व्हायकिंग फेस्टिव्हल. आणि जुलै-जानेवारीत युनिव्हर्सिटीची ग्रॅज्युएशन्स, म्हणजे नेमकं आपल्यालाच लागतं तेव्हा. समारंभाची तारीख कळली की आई-बाबांच्या तिकिटांची वाट बघू नका, फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग लगेच करून ठेवा. नॉन-रिफंडेबल दहा-वीस पौंड स्वस्त दिसतं पण व्हिसा पासपोर्टवर येईपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका. जमेल तिथे रविवारची रात्र धरा, बहुतेक वेळा तीच सगळ्यात स्वस्त असते. आणि समारंभ हेस्लिंग्टनच्या कॅम्पसवर असतो, स्टेशनजवळ राहिलात तर 66 नंबरची बस थेट जाते, साडी नेसून चालायचा प्रश्न येत नाही.

खाण्यापिण्याचं. इंग्लिश ब्रेकफास्टमध्ये शाकाहारी माणसाला बीन्स, मशरूम, टोमॅटो, हॅश ब्राऊन आणि टोस्ट एवढं मिळतं, अंडं न खाणाऱ्यांनी बुकिंग करतानाच सांगून ठेवा, आणि एकाच तव्यावर सॉसेज-बेकन होतं का हे ज्यांना चालत नाही त्यांनी स्पष्ट विचारा, कुणी रागावत नाही. दोन रात्रींच्या वर मुक्काम असेल तर मी अपार्टहॉटेलच सुचवते, बार्बिकन थिएटरसमोर स्टेसिटी आहे, रूममध्येच छोटं किचन. फक्त दोन गोष्टी. शेगडी बहुतेक इंडक्शनची असते, आईने आणलेला अॅल्युमिनियमचा छोटा कुकर त्यावर तापतच नाही. आणि फोडणी! मोहरी तडतडली, हिंग-मिरची पडली की धूर छताला, आणि स्मोक अलार्म इतका नाजूक की सगळी बिल्डिंग बाहेर रस्त्यावर. आधी एक्झॉस्ट पूर्ण लावा, मग तेल तापवा, किंवा सरळ वरण-भात-तूप करा आणि फोडणी घरी गेल्यावर.

पैशांचं एक. चेक-इनला बरीच हॉटेलं कार्डावर काही रक्कम होल्ड करतात, ती नंतर सुटते पण डेबिट कार्ड असेल तर चार-पाच दिवस ते पैसे अडकून पडतात, नवीन आलेल्या पोराच्या खात्यात मोजकेच पौंड असतात तेव्हा किती होल्ड करणार ते आधी विचारा. बिलावर वर टॅक्स लागत नाही, व्हॅट दाखवलेल्या दरातच असतो.

गावात काहीच मिळालं नाही तर? लीड्सला ट्रेनने पंचवीसेक मिनिटं, हॅरोगेटला साधारण पाऊण तास. हॅरोगेट मला जास्त आवडतं, 1897 सालचे टर्किश बाथ्स आहेत, बागा आहेत, आई-बाबांना फिरायला छान, फक्त रात्रीची शेवटची ट्रेन किती वाजता ते बघून मगच यॉर्कात जेवायला थांबा. रिंगरोडबाहेरची हॉटेलं गाडी असेल तरच. मिडलथॉर्प हॉल मात्र खास आहे, रेसकोर्सजवळचं सतराव्या शतकाच्या शेवटचं बांधकाम, आता नॅशनल ट्रस्टच्या मालकीचं, निदान दुपारच्या चहाला तरी घेऊन जा, अशा कंट्री हाउसमध्ये लहान मुलांना वयाची अट असू शकते तेवढं विचारून घ्या. स्वस्त पडतं म्हणून गावाबाहेर राहून पार्क अँड राईडने (बाहेर गाडी लावून पुढे बसने) ये-जा करणारे पण आहेत, दिवसा उत्तम सोय आहे, पण संध्याकाळी शेवटची बस कधी ते बघा. आणि जुन्या गावात गाडी घेऊन थेट हॉटेलच्या दारात जाऊ म्हणाल तर मधले बरेच रस्ते दिवसा गाड्यांना बंद असतात, आई-बाबा आणि बॅगा कुठे उतरवायच्या आणि गाडी कुठे लावायची हेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.