बोट जुळत नाही? हयातीचा दाखला चेहऱ्यावरून काढा

लक्षण: जीवन प्रमाणला (पेन्शनरांचा हयातीचा डिजिटल दाखला) बोट लावलं की ‘जुळत नाही’. बेळगाव, खानापूर भागातल्या निवृत्त जवानांकडून हे हमखास ऐकू येतं. वय आणि शेतकामामुळे बोटांवरच्या रेषा झिजतात. मग खोबरेल चोळा, हात धुवा, मशीन बदला, फरक शून्य. वैताग नुसता!

उपाय असा. अँड्रॉइड फोनवर आधी ‘आधार फेस आरडी’ टाका (त्याचं चिन्ह दिसत नाही, तो मागे चालतो), मग जीवन प्रमाण ॲप. सुरुवातीला ‘ऑपरेटर’ची (फोन हाताळणाऱ्याची) नोंद मागतो. मुलगा, सून कुणीही चालेल: आधार, मोबाईल, ओटीपी, चेहरा. त्यानंतर पेन्शनरचं आधार, ओटीपी, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक), खाते नंबर.

खरी गोची पुढे आहे. सैन्याची पेन्शन ‘स्पर्श’मधून (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन यंत्रणा) येत असेल तर पेन्शन देणारी संस्था म्हणून ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायची. पैसे बँकेत जमा होतात म्हणून बरेचजण बँकच निवडतात आणि दाखला भलतीकडे जातो. पीपीओ नंबरही स्पर्शचाच, जुना नव्हे.

फोटोच्या वेळी टोपी, चष्मा काढा. उजेड तोंडावर हवा, पाठीमागून नको. सांगितल्यावर पापण्या मिटून उघडा.

प्रमाण आयडीचा मेसेज आला म्हणजे दाखला मंजूर झाला असं नाही. काही दिवसांनी स्थिती बघा. नामंजूर दिसला तर माहिती दुरुस्त करून नवा काढा. चेहराही जुळेना, तर आधार केंद्रात फोटो बदलून घ्या.