तासभराची एकांत प्रार्थना: मन भटकतं तेव्हा काय करायचं

पहिली पाच-सहा मिनिटं बरी जातात. देवाचे उपकार मानून होतात, घरच्यांची नावं घेऊन होतात, मंडळीतल्या आजारी माणसांसाठी मागून होतं. मग डोळे किलकिले करून घड्याळ पाहावं, तर तासातली ५४ मिनिटं तशीच शिल्लक. इथून मन भटकायला लागतं, आणि बहुतेक जण त्याचा दोष आपल्या विश्वासाला देतात. खरं तर बोलायचं संपलेलं असतं आणि मनाला धरायला दुसरं काही दिलेलं नसतं. ‘स्थिर हो’ म्हणून मन स्थिर होत नाही. तोंडाला शब्द, हाताला पेन्सिल आणि गुडघ्यांना ठरलेली जागा द्या, मन त्यांच्या मागोमाग येतं.

तासापर्यंत पोचायचं कसं

शिबिराहून किंवा उपास-प्रार्थनेच्या सभेहून परतल्यावर सोमवारी एकदम तासभर बसायचं आणि गुरुवारी सोडून द्यायचं, ही चूक फार जण करतात. आज जो पाच मिनिटं प्रार्थना करतो त्याने १५ मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवावीत. नऊ आठवड्यांत तास होतो. एखाद्या आठवड्यात तीन दिवस चुकले तर पुढच्या आठवड्यात वाढवू नका, त्याच मिनिटांवर राहा.

वेळ पहाटेचीच हवी असं नाही. प्रभू येशू पहाटे अंधारात उठून एकांत जागी गेला असं मार्क १:३५ मध्ये आहे, आणि लूक ६:१२ प्रमाणे तो रात्रभरही प्रार्थनेत राहिला. आपल्या घराची घडी पाहून वेळ ठरवा. साडेपाचला नळाला पाणी येत असेल तर ती वेळ सोडा, कान नळाकडेच राहतील. रात्रपाळी करणाऱ्याने घरी येऊन, आंघोळ करून, खाण्याआधी बसावं. पोट भरल्यावर झोप आवरत नाही. कुठलीही वेळ घ्या, पण तीच ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी त्या वेळेला मन आपोआप वळायला लागतं.

जागा, आसन, सामान

‘आपल्या खोलीत जा आणि दार लाव’ असं प्रभूने मत्तय ६:६ मध्ये सांगितलं. मूळ ग्रीक शब्द कोठीच्या खोलीसाठीही वापरतात, म्हणजे घरातली सगळ्यात आतली, सामानाची जागा. एका खोलीच्या घरात तीही नसते. मग भिंतीकडे तोंड करून बसा, डोक्यावर पदर किंवा शाल घ्या, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा: “सात वाजेपर्यंत मी उठणार नाही, दूधवाला आला तर तुम्ही बघा.” हे एक वाक्य सांगितलेलं नसलं की तासभर दाराच्या कडीकडे कान लागतात.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘बायबल फोनवरच आहे’ ही अडचण खरी आहे, पण वचन उघडायला हातात घेतलेला फोन दुसरंच काहीतरी उघडतो. छापील बायबल घ्या. वेळेसाठी गजराचं घड्याळ लावा आणि ते पाठीमागे ठेवा: ऐकू यावं, दिसू नये. घड्याळ डोळ्यांसमोर असलं की दर चार मिनिटांनी नजर तिकडे जाते. जवळ एक वही आणि पेन्सिल असू द्या.

गुडघे टेकणार असाल तर खाली गोधडीची चौपदरी घडी घाला. टाचांवर बसून दहा-पंधरा मिनिटं झाली की पायांना मुंग्या येतात आणि मग प्रार्थना पायांचीच होऊन बसते. तोवर थांबू नका. गुडघे टेकून सुरुवात करा, पाय कुरकुरायला लागले की मांडी घाला किंवा पाटावर बसा, मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी मागण्याच्या, वेळी उभे राहा. आठ-दहा फुटांची मोकळी जागा असेल तर येरझारा घालत प्रार्थना करता येते. गुडघेदुखी असलेल्या माणसाने सरळ पाठीच्या खुर्चीवर तळपाय जमिनीला टेकवून बसावं, त्यात कमीपणा काही नाही. मात्र एखाद्या स्थितीत मन लागलं असेल तर ती उगाच बदलू नका. लोयोलाच्या संत इग्नाशियसने आपल्या साधकांना १६व्या शतकात हाच नियम घालून दिला होता.

तासाची वाटणी

५ मिनिटं प्रवेश, १५ मिनिटं बायबलमधलं स्तोत्र, १० मिनिटं पापकबुली, २० मिनिटं मध्यस्थी, १० मिनिटं शांतता आणि नोंद.

प्रवेशासाठी इग्नाशियसचीच सवय उचलण्यासारखी आहे. प्रार्थनेच्या जागेपासून एक-दोन पावलं अलीकडे उभं राहायचं, प्रभूची प्रार्थना म्हणायला लागतो तेवढाच वेळ, आणि देव आपल्याकडे पाहतो आहे हे मनात आणायचं. मग बसायचं. स्वयंपाकघरातून तडक येऊन गुडघे टेकले की स्वयंपाकघरही बरोबर येतं. ही दोन पावलं उंबरठ्याचं काम करतात. त्यानंतर ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातल्या एखाद्या गीताची दोन कडवी किंवा रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन हलक्या आवाजात, सावकाश म्हणा. गाताना श्वास लांबतो आणि अंग निवतं.

सगळ्यात जास्त आधार स्तोत्राचा, म्हणून इथे जरा थांबतो. स्तोत्र वाचून बाजूला ठेवायचं नसतं, त्याचीच प्रार्थना करायची असते. उदाहरणार्थ स्तोत्र १०३. दुसरी ओळ मोठ्याने वाचा, देवाचे सर्व उपकार विसरू नको असं जिवाला सांगणारी. ‘उपकार’ शब्दाखाली पेन्सिल ठेवा. आता कालच्या दिवसातले पाच उपकार नावानिशी सांगा: “काल डॉक्टरांनी आईचा रिपोर्ट बघून घाबरायचं कारण नाही म्हटलं, त्याबद्दल, बापा, तुझे आभार. गाडी चुकली तरी कामावर वेळेत पोचलो, त्याबद्दल.” पाच होईस्तोवर पुढची ओळ वाचू नका. तिसरा उपकार आठवायला वेळ लागतो आणि नेमकं तिथेच मन कामाला लागतं. मग तिसरी ओळ, दुष्कर्मांच्या क्षमेची. इथे एकच पाप, पण नाव घेऊन. असं करत गेलं तर १५ मिनिटांत पाच ओळीही पुरतात. हे स्तोत्र २२ ओळींचं आहे, उरलेलं उद्या. रोज कुठलं स्तोत्र घ्यायचं हे ठरवण्यात वेळ जात असेल तर स्तोत्र ११९ घ्या: १७६ ओळी, आठ-आठ ओळींचे २२ भाग, म्हणजे २२ दिवसांची सोय झाली.

प्रभूच्या प्रार्थनेवरही हेच करता येतं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५३५ साली जर्मनीतल्या व्हिटेनबर्गमधल्या आपल्या ओळखीच्या पेटर नावाच्या न्हाव्याला प्रार्थनेवर एक लांबलचक पत्र लिहिलं. न्हाव्याचं मन आणि डोळे वस्तऱ्यावर नसतील तर तो गिऱ्हाइकाचं नाक किंवा गळा कापून बसेल, प्रार्थनेलाही तसंच लक्ष लागतं, असं त्यात त्याने लिहिलं आहे. उपाय म्हणून त्याने चार पदरी वेणी सांगितली: हे वचन मला काय शिकवतं, यात आभार कशाचे, कबुली कशाची आणि मागणं काय. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ घ्या. शिकवण: भाकर देवाच्या हातून येते. आभार: डब्यात पीठ आहे. कबुली: काल ताटात टाकलेलं अन्न, कामवाल्या बाईंचे थकवलेले पैसे. मागणं: नोकरी गेलेल्या शेजाऱ्याचं घर चालावं. एका वाक्यावर दहा मिनिटं सहज जातात. याच ल्यूथरचं आणखी एक सांगणं आहे: एखाद्या ठिकाणी पवित्र आत्मा मनाशी बोलू लागला तर पुढचं सगळं सोडा आणि गप्प राहून ऐका. आमची वाटणीही अशा वेळी खुशाल मोडा.

कबुलीच्या दहा मिनिटांबद्दल थोडंच. नावानिशी सांगा, मग क्षमेचं एक वचन मोठ्याने वाचा आणि पुढे चला. त्याच पापाभोवती वीस मिनिटं फिरत राहिल्याने पश्चात्ताप वाढत नाही, नजर मात्र देवावरून स्वतःवर येते.

मध्यस्थीसाठी वहीत सात पानं करा, वाराप्रमाणे. प्रत्येक पानावर सहा ते आठ नावं, त्याहून जास्त नकोत. पन्नास नावांची यादी रोज वाचली की ती हजेरी होते. नावापुढे नेमकं मागणं आणि तारीख लिहा. ‘सुनेला आशीर्वाद दे’ यावर मन ठरत नाही. ‘सुनेची १२ तारखेची तपासणी, ती रात्री झोपत नाही’ यावर ठरतं, कारण डोळ्यांपुढे माणूस उभा राहतो. उत्तर मिळालं की त्यापुढे पुन्हा तारीख घाला.

मन गेलंच तर

ते जाणारच. कुठे गेलं त्यावरून उपाय ठरतो.

कामाकडे गेलं, म्हणजे गॅस सिलिंडर, शाळेची फी किंवा विजेचं बिल आठवलं, तर वहीच्या शेवटच्या पानावर दोन शब्द लिहा आणि परत या. न लिहिता ‘नंतर आठवेन’ म्हटलं की मन ती गोष्ट धरूनच बसतं. माणसाकडे गेलं तर त्याला हाकलू नका, त्याच्यासाठी एका वाक्यात मागा आणि परत या. भांडणाकडे किंवा रागाकडे पुन्हापुन्हा जात असेल तर ते भटकणं नव्हे, आजची प्रार्थना तीच आहे. वेदीपाशी भावाची आठवण झाली तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं प्रभूने मत्तय ५:२३-२४ मध्ये सांगितलं. अशा वेळी यादी बाजूला ठेवा, त्या माणसाचं नाव देवापुढे घ्या, आणि तास संपल्यावर फोन करा.

सगळ्यात फसवे असतात ते चांगले विचार. रविवारच्या संदेशाचा मुद्दा, संडेस्कूलची नवी कल्पना, तरुण संघाचा कार्यक्रम. हे देवाचंच काम आहे असं वाटून आपण त्यात रमतो आणि भानावर येतो तेव्हा दहा मिनिटांपासून देवाशी एक शब्दही बोललेलो नसतो. पाळकांना आणि मंडळीत सेवा करणाऱ्यांना याचा त्रास जास्त. यालाही शेवटच्या पानावरचे दोन शब्दच.

परत येण्यासाठी एक ठरलेली छोटी ओळ असू द्या. पाचव्या शतकात जॉन कॅसियनने इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडून शिकलेली ओळ लिहून ठेवली. ती स्तोत्र ७० ची सुरुवात आहे: देवा, मला सोडवायला ये, परमेश्वरा, माझ्या मदतीला लवकर ये. मन गेल्याचं कळलं की ही ओळ ओठांनी म्हणा आणि जिथे सोडलं तिथून पुढे चला. स्वतःला रागावत बसू नका, त्यात आणखी तीन मिनिटं जातात. तासात वीस वेळा परत यावं लागलं तर वीस वेळा तुम्ही देवाकडे वळलात.

आवाजाचंही मोठं काम आहे. मनातल्या मनात केलेली प्रार्थना लवकर विरते. पुटपुटत करा. बायबलमधल्या हन्नाचे नुसते ओठ हलत होते आणि एली याजकाला ती प्यालेली वाटली, पण तिची प्रार्थना ऐकली गेली. आणि बोलताना घरची भाषा बोला. ‘हे परमपवित्र, दयाळू, कनवाळू प्रभू परमेश्वर पित्या’ अशी सभेतली वाक्यं तोंडात इतकी बसलेली असतात की ती म्हणताना मन मोकळं सुटतं. वसईतल्या ज्यांच्या घरी सामवेदी बोलतात त्यांनी सामवेदीत बोलावं. आईशी ज्या भाषेत बोलतो तिच्यात खोटं किंवा पोकळ बोलताना जीभ अडखळते.

झोप, कोरडेपणा, उपास

झोप येऊ लागली की उभे राहा, डोळे उघडा, तोंडावर पाणी मारा, मोठ्याने वाचा. रोजच झोप येत असेल तर रात्री अर्धा तास लवकर झोपा. ही अडचण अंथरुणातली आहे, प्रार्थनेतली नाही. गेथशेमानेत प्रभूने झोपलेल्या शिष्यांना जागं केलं तेव्हा देह अशक्त आहे हेही तोच म्हणाला.

कोरडेपणा वेगळा. शब्द येतात, पण आत काही हलत नाही. अविलाच्या संत तेरेसाने लिहून ठेवलं आहे की कित्येक वर्षं प्रार्थनेत तिचं लक्ष तास संपल्याच्या ठोक्याकडे असायचं. अशा दिवशी तास कमी करावासा वाटतो. इग्नाशियसचा सल्ला उलटा आहे: अशा दिवशी ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा. दोन-तीन मिनिटं पुरतात. नवीन शब्द शोधू नका, स्तोत्र १३६ घ्या. त्याच्या २६ ओळींत प्रत्येक वेळी ‘त्याची दया सनातन आहे’ येतं. तेवढंच म्हणत राहा. मात्र कोरडेपणाबरोबर झोप, भूक आणि कामही आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा.

उपास करून बसणाऱ्यांना दुपारी डोकं ठणकण्याचा त्रास होतो. तो बहुधा चहा तुटल्याचा असतो. दिवसाला चार कप घेणाऱ्याने दोन-तीन दिवस आधीपासून कमी करत यावं. पाणी पीत राहा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नको.

शेवटची १० मिनिटं

पाच मिनिटं काही न मागता बसा. श्वास घेताना ‘बापा’, सोडताना ‘मी इथे आहे’. गजर झाला की झटकन उठू नका. वहीत तारीख टाकून तीन ओळी लिहा: मन कुठे लागलं, कुठे सुटलं, उद्या कुठल्या ओळीपासून सुरू करायचं. सलग दोन आठवडे एकाच ठिकाणी सुटत असेल, समजा मध्यस्थीच्या मध्यावर, तर त्या ठिकाणी उभे राहा किंवा तो भाग पाच मिनिटांनी कमी करून स्तोत्राला द्या. बायबलची फीत उद्याच्या ओळीवर ठेवा, गोधडी तिथेच कोपऱ्यात घडी करून ठेवा, आणि मग फोन हातात घ्या.