‘स्टॉप-अँड-गो’ लिहिताना या चुका टाळा

‘वारंवार थांबणारे’ एवढाच शब्दकोशातला अर्थ पाठ करून हे इंग्रजी विशेषण वापरले, की ते हमखास चुकीच्या नामाला जाऊन चिकटते. त्यात केवळ थांबणे नसून थांबणे आणि सरकणे यांची सतत होणारी अदलाबदल असते, आणि सिग्नल, फाटक किंवा गर्दी हे तिचे नेहमीचे कारण असते.

जळगावहून धुळ्याला जाणारी साधी एसटी एरंडोल, पारोळा असे थांबे घेत जाते, म्हणून तिला ‘स्टॉप-अँड-गो बस’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु ठरलेल्या थांब्यावर प्रवासी चढवणे-उतरवणे हा त्या गाडीचा नेमच आहे. तीच गाडी जळगावातून बाहेर पडताना आकाशवाणी चौकाच्या गर्दीत चार हात सरकून पुन्हा उभी राहू लागली, तर त्या वाहतुकीला हे विशेषण चपखल बसते. भुसावळ-सुरत मार्गावर प्रत्येक स्थानकात थांबणारी पॅसेंजर ब्रिटिश इंग्रजीत ‘स्टॉपिंग ट्रेन’ ठरते, तर विनाथांबा गाडीसाठी ‘नॉन-स्टॉप’ आहेच.

व्याकरणाच्या चुका बारीक असल्या तरी परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत. नामाआधी येताना तिन्ही शब्द संयोगचिन्हांनी जोडावेत : ‘वुई वेअर स्टक इन स्टॉप-अँड-गो ट्रॅफिक’. ‘द ट्रक्स स्टॉप अँड गो’ या वाक्यात मात्र ती क्रियापदे असल्याने चिन्हे नकोत. ‘स्टॉपिंग-अँड-गोइंग ट्रॅफिक’ असे रूप बनवू नये, आणि ‘ट्रॅफिक’ हे अगणनीय नाम असल्याने ‘अ स्टॉप-अँड-गो ट्रॅफिक’ असेही लिहू नये. मराठीत उपपदेच नसल्यामुळे ही शेवटची चूक आपल्याकडे फार दिसते.

रावेर-यावलच्या केळीबागांना वीज ये-जा करत मिळत असेल, तर तेथे ‘इंटरमिटंट’ योग्य. अडखळत बोलण्याला ‘हॉल्टिंग’ म्हणावे. ‘टच-अँड-गो’ ऐकायला जवळचे वाटले, तरी त्याचा अर्थ ‘काय होईल ते सांगता येत नाही’ असा आहे.

ब्रिटिश लेखनात याच अर्थाने ‘स्टॉप-स्टार्ट’ आढळते. मात्र गाडीच्या माहितीपत्रकात तोच शब्द किंवा ‘स्टार्ट-स्टॉप’ दिसला, तर तो सिग्नलला इंजिन आपोआप बंद करून निघताना पुन्हा सुरू करणाऱ्या यंत्रणेविषयी असतो, वाहतुकीविषयी नव्हे.