लेकरू घरी आल्यावरचे पहिले दिवस: आधी सातारा, मग परदेश

मूल दत्तक घ्यायला भारतात निघालेल्या जोडप्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, सोबत काय काय नेऊ?" कपडे कुठल्या मापाचे, दूध कुठलं, खेळणी किती. मी उलट विचारते, साताऱ्याच्या घरात त्या दिवसांत कोण कोण असणार आहे? आणि तुम्हा दोघांना रजा किती मिळालीय? कपडे मापाचे निघाले नाहीत तर मोती चौकात तासाभरात दुसरे मिळतील. घरातली माणसं आणि हातातले दिवस मात्र आधीच ठरवून ठेवावे लागतात.

मी मूळची साताऱ्याची, मंगळवार पेठेतली. लग्नानंतर न्यू जर्सीत आले, इथंच रुळले. आमची लेक घरी आली तेव्हा दोन वर्षांची होती. कागद पूर्ण होईपर्यंतचे आठवडे आम्ही माहेरी काढले आणि मग तिला घेऊन इथं आलो. पुढं बऱ्याच नव्या आईबाबांना सोबत केली. त्यांच्या घरांत जे पाहिलं तेही यात आहे.

कागदांचं थोडक्यात सांगते. 2015 च्या बाल न्याय कायद्याला 2021 मध्ये दुरुस्ती झाली, ती सप्टेंबर 2022 मध्ये लागू झाली आणि तेव्हापासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अनिवासी भारतीयांना प्रतीक्षा यादीत भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीचं स्थान आहे. 'कारा'चं, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचं, ना-हरकत प्रमाणपत्र मिळालं की आदेशाची वाट बघत असतानाही मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी तुमच्याकडे देता येतं, मात्र तेवढे दिवस भारतातच राहावं लागतं. मग आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा. हे मधले आठवडे कधी एकदा संपतात असं प्रत्येकाला वाटतं. कुणी कुणी तर आईला एकटीला मागं ठेवून बाबांना कामावर परत पाठवतात. माझं मत याच्या उलट आहे. हे आठवडे म्हणजे वाट बघण्याचा काळ नव्हेच, ओळख होते ती इथंच. शक्य असेल तर दोघंही राहा.

जरा मुलाच्या बाजूनं बघा. संस्थेतली रोजची जागा, सांभाळणारी मावशी, शेजारी झोपणारी पोरं, ताटाचा आवाज, सगळं एका दुपारी सुटतं. साताऱ्याच्या घराची सवय होते न होते तोच विमान, आणि पुन्हा सगळं नवं. एका वाफ्यातलं रोप दुसरीकडे लावताना मुळाशी थोडी जुनी माती राहू देतात. इथं दोन्हीकडे सोबत येणारी माती म्हणजे तुम्ही दोघं. म्हणून साताऱ्यात असतानाच त्या जिवाला एवढं एक कळलं पाहिजे: भूक लागली, भीती वाटली, दुखलं-खुपलं, की ही दोन माणसं येतात. दुसरी कुणी नाही, हीच दोन.

त्याची सुरुवात संस्थेतूनच होते. मूल ताब्यात घ्यायला जाल तेव्हा सांभाळणाऱ्या मावशींसोबत निवांत बसा. वाढीचा तक्ता, लसींच्या नोंदी फाइलमध्ये असतातच, त्याबद्दल विचारू नका. झोपवताना पाठीवर थोपटता की कपाळावरून हात फिरवता? दिवा चालू असतो का? पाणी हवं असलं की मूल काय म्हणतं? लाडानं काय हाक मारता? भात किती मऊ करता, हातानं भरवता की चमच्यानं? परवानगी मिळाली तर मावशींच्या आवाजात दोन ओळी फोनवर रेकॉर्ड करून घ्या, आणि मूल त्यांच्या कडेवर असताना एक फोटो काढा. हा फोटो मुलाला पुढं आयुष्यभर लागणार आहे. संस्था तयार असेल तर एक चादर आधीच पाठवून मुलाच्या अंथरुणात ठेवायला सांगा आणि येताना तीच घेऊन या. घरी आल्यावर ती धुवू नका. अंगावरचे कपडेही लगेच धुवायला टाकू नका. तो वास मुलाच्या ओळखीचा असतो.

मूल दुसऱ्या राज्यातून येत असेल, आणि तसं पुष्कळदा होतं, तर तिथल्या भाषेतले रोजचे शब्द लिहून घ्या. पाणी, जेवण, शू, झोप, दुखतंय, आलेच. ओडिया किंवा तेलुगूत 'आलेच' एवढं जरी आईला म्हणता आलं तरी पहिल्या रात्री त्याचा फार उपयोग होतो.

आता मूल कसं वागेल ते. खूप रडलं तर घाबरू नका. त्याचं कुणीतरी खरंच सुटलेलं असतं, त्याला ते दुःख करू द्या. उचलून घ्या, जवळ राहा, खेळणं दाखवून रडू थांबवायची घाई करू नका. अजिबात न रडणाऱ्या मुलाकडे उलट जास्त लक्ष द्या. रडून कुणी येतंच असं नाही, हे काही मुलं फार लवकर शिकलेली असतात. आणि सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे कुणाकडेही हसत जाणारं मूल. साताऱ्यात प्रत्येक जण म्हणेल, "किती गुणी गं, कुणाकडेबी जाती!" सांभाळणारी माणसं पाळीपाळीनं बदलत असली की जो समोर येईल त्याला हसून दाखवायची सवय लागते. त्यात मुलाचा काही दोष नाही. पण आपलं माणूस आणि परकं माणूस हा फरक त्याला अजून कळलेला नाही, आणि तो आपल्यालाच शिकवायचा आहे.

खाण्याचं तर डोळ्यांत पाणी आणणारं असतं. आमची लेक झोपली की मूठ घट्ट मिटलेली असायची. हलकेच बघितलं तर आत भाकरीचा तुकडा, घामानं मऊ झालेला. तो काढून घ्यायचा नाही. माझ्या आईनं एका लहान वाटीत लाह्या आणि बिस्किटं घालून ती वाटी कोनाड्यात ठेवली, लेकीचा हात पुरेल एवढ्या उंचीवर. वाटी दिवसभर तिथंच असे, रिकामी होत आली की आम्ही तिच्या देखत भरत असू. तिनं घेतलं तरी कुणी काही बोलायचं नाही, नाही घेतलं तरी नाही. हळूहळू मुठीतला तुकडा थांबला, वाटीकडे बघणं राहिलं, मग तेही कमी झालं. जेवण पहिले काही आठवडे संस्थेत होतं तसंच ठेवा. मऊ वरणभात असेल तर मऊ वरणभात. तूप घाला, पण पहिल्याच दिवशी पुरणपोळी नको.

मुलानं दोघांपैकी एकालाच धरून ठेवणं आणि दुसऱ्याला जवळही येऊ न देणं, हेही होतंच. बहुधा बाबांच्या वाट्याला येतं, पुरुषमाणूस जवळून पाहिलेलंच नसतं. बाबांनी मनाला लावून घेऊ नये. त्याच खोलीत जमिनीवर बसावं, काही मागू नये, आणि एक काम आपल्याकडे घ्यावं जे रोज त्याच वेळी फक्त बाबाच करतील. आमच्याकडे सकाळी चार भिंतीच्या रस्त्यानं कडेवर घेऊन फिरणं हे बाबांचं काम होतं. रोज तोच रस्ता, तीच वेळ, तीच वळणं.

आणि आता नातेवाईक. यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण खरी कसोटी इथं असते. आपल्याकडे बाळ घरात आलं की अख्खी गल्ली बघायला येते, आणि ती प्रेमानंच येते. उंबऱ्यावर औक्षण करा, भाकरतुकडा ओवाळून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. पण बारसं पुढं ढकला. मांडव, पाळणा, पन्नास माणसांनी एका हातातून दुसऱ्या हातात बाळ देणं, हे आत्ता नको. कंदी पेढे वाटायचेच तर दोघांपैकी एकानं घरोघरी जाऊन वाटावेत, मूल घरीच राहू दे.

भरवणं, अंघोळ, कपडे बदलणं, झोपवणं आणि पडल्यावर उचलणं, ही पाच कामं फक्त आईबाबांची, हे घरातल्या मोठ्यांना मूल यायच्या आधीच बसून सांगा. आयत्या वेळी सांगितलं की लागतं. माझी आत्या म्हणाली होती, "आगं, एकदा मांडीवर घिऊ दे की. मी काय परकी हाय व्हय?" मी म्हटलं, "आत्या, तू परकी नाहीस, पण तिला अजून मीसुद्धा परकीच आहे. आधी मला तिची होऊ दे, मग तुझ्याच मांडीवर देते." आत्या जरा गप्प बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणि निवडलेली मेथी घेऊन आली आणि रोज येत राहिली. मोठ्यांना 'हे करू नका' एवढंच सांगून भागत नाही, त्यांच्या हाताला काम द्यावं लागतं. स्वयंपाक, धुणं, दारात आलेल्यांना चहा देऊन तिथूनच वाटेला लावणं. आजीनं खोलीत शेंगा सोलत बसावं, मुलाकडे पाहू नये. मूल आपण होऊन शेंगा मोजायला येतं.

तेल लावून अंघोळ घालणं ही आपली जुनी रीत या दिवसांत फार कामाला येते. पण थेट सगळं अंग चोळायला घेऊ नका. सवय नसलेल्या मुलाला स्पर्शाची भीती वाटते. आधी फक्त तळपाय, दोन-चार दिवसांनी पिंढऱ्या, मग हात, पाठ सगळ्यात शेवटी. मूल डोळ्याला डोळा देत नसेल तर तेल लावताना चेहरा समोर ठेवा आणि वाट बघा, हनुवटी धरून वळवू नका. घरात फिरताना जुन्या सुती साडीत बांधून अंगाशी घ्या, मोठं मूल असलं तरी. रात्री एकाच खोलीत, जमिनीवर गाद्या टाकून झोपा, बारीक दिवा चालू ठेवा.

निघायच्या आधी विमानाची तयारीही साताऱ्यातच करून घ्या. गाडीत मुलांच्या वेगळ्या खुर्चीत पट्टे लावून बसायची सवय आपल्याकडच्या मुलांना नसते, आणि परदेशात विमानतळाबाहेर पडल्यापासून त्याशिवाय चालत नाही. खुर्ची येतानाच घेऊन या, घरात खेळायला ठेवा, मग पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारून आणा. विमान उतरताना कान दुखतात, तेव्हा घोट घोट पाणी पाजा. ती न धुतलेली चादर हातातल्या पिशवीत असू द्या, मोठ्या सामानात नको.

इकडे आल्यावर मुलाला सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. साताऱ्यात पहाटे भाजीवाला, एसटीचा हॉर्न, देवळातली घंटा, शेजारचा कुकर. इथं बंद खिडक्या आणि हीटरची घरघर. बरीच मुलं इथं आल्यावर पुन्हा रात्री दचकून उठायला लागतात. काही बिघडलं असं समजू नका. क्रम तोच ठेवा: तेच तेल, तोच वरणभात, तेच गाणं, तीच वाटी. इथं हवा कोरडी असते, तेल जरा जास्त लागतं. मित्रमंडळींनी स्वागताचा बेत केला तर प्रेमानं नाही म्हणा, डबे दारात ठेवायला सांगा. मराठी मंडळाचा गणपती पुढच्या वर्षीही येणार आहे. घरात मराठीच बोला. इंग्रजी त्याला बाहेर आपोआप मिळेल, आणि आत्ता कळणारी एकमेव भाषा काढून घेणं बरं नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत बालरोगतज्ज्ञांकडे जा. भारतातले अहवाल असले तरी इथं काही तपासण्या पुन्हा करतात: क्षयरोग, हिपॅटायटिस, एचआयव्ही, रक्तातलं शिसं, हिमोग्लोबिन, जंतांसाठी शौचाची तपासणी, शिवाय डोळे आणि कान. लसींच्या नोंदींची मूळ प्रत न्या. रक्त काढताना मूल तुमच्याच मांडीवर असावं, हे आधीच ठासून सांगा.

रजेचं गणित नीट मांडा. अमेरिकेत पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत, नोकरीला वर्ष झालेलं असेल तर, दत्तकासाठीही 12 आठवड्यांची बिनपगारी रजा कायद्यानं मिळते. ब्रिटनमध्ये दत्तक रजा 52 आठवड्यांपर्यंत आहे. साताऱ्यात सगळी रजा संपवून विमानातून उतरल्या उतरल्या मूल पाळणाघरात टाकू नका. ते त्याला तिसऱ्यांदा सोडून दिल्यासारखं वाटतं.

आणि आयांनो, तुमच्याबद्दलही. इतकी वर्षं वाट पाहिली आणि मूल कुशीत आल्यावर काहीच वाटत नाही, उलट भीती वाटते, असं मला कितीतरी जणींनी रडत सांगितलंय. प्रेम पहिल्या दिवशी यायलाच हवं असं नाही. सांभाळत राहा, भरवत राहा, त्यातूनच ते येतं. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, मन कशात लागत नाही, असं असेल तर डॉक्टरांना सांगा. बाळंतीण नाही म्हणून तसं होत नाही, असं समजू नका. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी आणि दुसरं वर्ष दर सहा महिन्यांनी पाठपुरावा अहवाल जातो, त्यासाठी समाजसेविका घरी येतात. त्यांच्यापुढं घर आवरून सगळं छान आहे म्हणू नका. अडचण सांगितली तर मदत त्याच मिळवून देतात.

जमू लागलंय हे कशावरून ओळखायचं? मूल पडतं आणि रडायच्या आधी तुम्हाला शोधतं. तुम्ही न्हाणीघरात गेलात तर दार वाजवतं. पाहुण्यानं हात पुढं केला तर तुमच्या पायामागं लपतं. लोक म्हणतील लाजाळू झाली, हट्टी झाली. तुम्ही मनातून आनंद माना, आणि त्यानंतरच गोतावळा वाढवायला घ्या. एका वेळी एकच माणूस, तुमच्याच घरात, तुम्ही समोर असताना, थोडा वेळ. आजीला रोज ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल, पाच मिनिटं. भरवणं आणि झोपवणं आणखी काही महिने तुमच्याकडेच ठेवा, ते सगळ्यात शेवटी दुसऱ्याच्या हाती द्यायचं.