किनाऱ्यावरची सुट्टी आणि लहान बोटीची सफर : तयारीची यादी

किनाऱ्यावरच्या सुट्टीसाठी सामान बांधताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर वाळू, पोहणे आणि संध्याकाळचे फिरणे एवढेच असते. लहान बोटीतली तास-दोन तासांची सफर यादीत अगदी शेवटी, जमल्यास करायची गोष्ट म्हणून येते. माझ्या मते तयारीला याच सफरीपासून सुरुवात करावी. माहितीपत्रकात तिला ‘किनारा दर्शन’ किंवा ‘गुहांची फेरी’ असे सौम्य नाव दिलेले असले, तरी हवेने फुगवलेल्या कडांची वेगवान बोट बंदराचा आडोसा सोडून मोकळ्या पाण्यात शिरली की तिचे वागणेच बदलते. ती लाटेवर चढते, क्षणभर पाणी सोडते आणि पुन्हा खाली आदळते. तयारीने आलेल्या प्रवाशाला या थराराचा मनसोक्त आनंद घेता येतो; बेसावध प्रवाशाचा सगळा वेळ मात्र हातातली दोरी आवळून धरण्यात आणि परतीची वाट पाहण्यात जातो.

सफरीचा दिवस सुट्टीच्या सुरुवातीच्या भागात ठरवावा. समुद्र खवळलेला असेल तर जबाबदार आयोजक सफर रद्द करतात, आणि सुट्टीचा अखेरचा दिवस त्यासाठी राखून ठेवलेला असेल तर दुसरी संधी उरत नाही. आरक्षण करण्यापूर्वी काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. बोट उघडी आहे की छताची, वेग साधारण किती असतो, बसण्यासाठी धक्के शोषणारी आसने आहेत की नुसती फुगीर कड, लहान मुलांसाठी वयाची किंवा उंचीची अट आहे का, बोटीवर व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे समुद्रावरून संपर्क साधण्याचे बिनतारी यंत्र, आहे का, आणि वातावरण बिघडल्यास पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते, हे आधीच कळले पाहिजे. प्रवास विमा घेतला असेल तर वेगवान बोटीतील दुखापत त्यात येते की वगळलेली आहे, तेही करारपत्रात वाचून घ्यावे. या प्रश्नांना शांतपणे आणि तपशिलात उत्तरे देणाऱ्या आयोजकावर माझा अधिक विश्वास बसतो. ‘काही होत नाही, या तुम्ही’ एवढेच सांगणाऱ्याकडे जाऊ नये.

सफरीच्या आदल्या दिवशी सागरी हवामानाचा अंदाज पाहावा आणि तो नीट समजून घ्यावा. त्यात दिलेली लाटांची उंची बहुधा सर्वांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यामुळे अंदाजात एक मीटर लिहिलेले असले तरी अधूनमधून जवळपास दोन मीटरची लाट येऊ शकते. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये देतात आणि एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर. वाऱ्याचा जोर क्रमांकाने सांगणाऱ्या ब्युफोर्ट मापनश्रेणीत 7 ते 10 नॉटचा वारा तिसऱ्या क्रमांकाचा असतो आणि तेव्हा लाटांच्या माथ्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसू लागतो. 11 ते 16 नॉटला, म्हणजे चौथ्या क्रमांकाला, हा फेस बऱ्यापैकी वारंवार दिसतो आणि लहान बोटीतल्या प्रवाशाला लाटांचा जोर अंगाने जाणवतो. उन्हाळी दिवसांत जमीन तापल्यावर समुद्राकडून येणारा वारा दुपारी जोर धरतो, म्हणून ज्यांना थरार बेताचाच हवा आहे त्यांनी सकाळची फेरी निवडावी.

वाऱ्याइतकेच भरती-ओहोटीकडेही लक्ष द्यावे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांतील फरक वाढतो आणि अरुंद खाड्यांतून, भूशिरांच्या टोकांजवळून पाणी फार वेगाने वाहते. अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या भरतीत हा प्रवाह मंदावतो. वारा एका दिशेने आणि प्रवाह नेमका त्याच्या विरुद्ध असला की लाटा उभ्या चढाच्या आणि जवळजवळ होतात. वारा फारसा नसतानाही बोट अचानक उसळू लागते ती पुष्कळदा याच कारणाने, आणि शांत वाटलेल्या सफरी अनपेक्षितपणे थरारक होतात त्याही बहुधा अशाच ठिकाणी. हे ठाऊक असलेला प्रवासी भूशिराचे टोक जवळ येताना पाहून आधीच सावरून बसतो.

आता स्वतःच्या शरीराचा विचार करावा, आणि इथे मी मुद्दाम अधिक थांबणार आहे, कारण सामानाच्या याद्यांमध्ये हा भाग हमखास राहून जातो. लाटेवरून खाली आदळणाऱ्या बोटीचा धक्का बसलेल्या माणसाच्या मणक्यांवर सरळ खालून येतो. अशा धक्क्याने मणका दबून त्याचे हाड मोडल्याच्या घटना वेगवान बोटींवर घडलेल्या आहेत, आणि त्या घडण्यासाठी बोट उलटावी लागत नाही. एक चुकीची लाट पुरते. त्यामुळे गरोदर स्त्रिया, पाठीचे किंवा मानेचे जुने दुखणे असलेले, हाडे ठिसूळ झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि हृदयविकार असलेले यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय अशा बोटीत बसू नये. भिडेखातर होकार देण्यापेक्षा त्या दिवशी छताच्या मोठ्या, संथ बोटीने जाणे केव्हाही चांगले. इतरांनीही जागा विचारपूर्वक निवडावी. बोटीचा पुढचा भाग सर्वांत जास्त वर-खाली होतो आणि मागचा सर्वांत कमी. म्हणून पुढची जागा दृश्यासाठी कितीही मोहात पाडत असली, तरी पहिल्यांदाच जाणाऱ्याने मागच्या बाजूला बसावे. पावले तळावर घट्ट टेकलेली, पाठ ताठ, दोन्ही हातांनी दांडी किंवा दोरी धरलेली आणि नजर पुढून येणाऱ्या लाटेवर, अशी बैठक घरीच एकदा समजून घ्यावी. धक्का सोसवत नसेल तर चालकाला वेग कमी करण्याची खूण कशी करायची, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवावे आणि ती खूण करताना मुळीच संकोच करू नये.

ज्यांना बोट लागते त्यांनी औषधाची वेळ आधीच ठरवावी. डोळ्यांना दिसणारी हालचाल आणि अंतर्कर्णाला जाणवणारी हालचाल जुळत नाही, म्हणून मळमळ सुरू होते, आणि एकदा ती सुरू झाली की गोळीचा फारसा उपयोग होत नाही. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेटसारख्या गोळ्या निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात, तर कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असणाऱ्यांना ही पट्टी चालत नाही, आणि लहान मुलांसाठी तर कोणतेही औषध डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पोट रिकामे ठेवू नये आणि गच्चही भरू नये. हलके खाणे तासभर आधी उरकावे. सफरीपूर्वी मद्य पूर्णपणे टाळावे. उघड्या बोटीवर स्वच्छतागृह नसते, ही साधी गोष्टही लक्षात ठेवावी. बोटीत मळमळू लागल्यास फोनमध्ये न पाहता क्षितिजावर नजर स्थिर करावी.

कपड्यांच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या उन्हावरून अंदाज बांधू नये. 25 नॉट वेगाने जाणाऱ्या बोटीवर समोरून 10 नॉटचा वारा येत असेल, तर अंगावर 35 नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे 65 किलोमीटरचा वारा लागतो, आणि त्यात कपडे भिजलेले असतात. जाड सुती कपडे आणि जीन्स पाणी धरून ठेवतात आणि लवकर वाळत नाहीत, म्हणून ते टाळावेत. अंगालगत लवकर वाळणारा कपडा, त्यावर ऊबदार थर आणि सर्वांत बाहेर वारा व पाणी अडवणारे जाकीट अशी रचना ठेवावी. पादत्राणे रबरी तळाची आणि टाचेला पट्टा असलेली हवीत. टोपी व चष्मा दोरीने बांधलेले असावेत, केस आवळून बांधावेत, अंगठ्या आणि गळ्यातले लोंबते दागिने खोलीवरच ठेवावेत, कारण ते दोरात अडकून इजा करतात. गार वाऱ्यामुळे ऊन जाणवत नसले तरी ते कमी झालेले नसते. समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के अतिनील किरण परावर्तित करतो, तेव्हा किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन निघण्यापूर्वीच लावावे आणि कान, मान व पावलांची वरची बाजू विसरू नये.

लाइफ जॅकेट आयोजकच देतो, पण ते नीट बसते का हे पाहणे आपले काम आहे. जॅकेटवर लिहिलेला न्यूटनचा आकडा त्याची तरंगवण्याची क्षमता सांगतो: 50 न्यूटनचे जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला मदत करते, तर 150 न्यूटनचे जॅकेट सर्वसाधारण परिस्थितीत बेशुद्ध माणसालाही चेहरा वर ठेवून उताणे करू शकते. आपोआप फुगणारे जॅकेट सर्व कपड्यांच्या वर घालायचे असते; कोटाच्या आत घातले आणि ते फुगले तर छाती आवळली जाते. मुलाला जॅकेट घातल्यावर पट्टे आवळून खांद्यांजवळ धरून हलकेच उचलावे, आणि जॅकेट हनुवटी-कानांपर्यंत वर सरकले तर धाकटा आकार मागावा. मांड्यांमधून जाणारा पट्टा मुलांच्या जॅकेटला असलाच पाहिजे, असा आग्रह धरावा. पोहता येणाऱ्यांनीही एक गोष्ट मनात पक्की करावी: थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वास अनावर होतो, आणि त्या वेळी हातपाय मारण्यापेक्षा तरंगत राहून श्वास ताब्यात आणणे महत्त्वाचे असते.

फोनसाठी जलरोधक पिशवी घ्यावी आणि आदल्या रात्री तिच्यात कोरडा कागद घालून ती बादलीत बुडवून तपासावी. धूळ-पाण्यापासून संरक्षण दाखवणारा आयपी 68 असा शिक्का असलेल्या फोनची चाचणीही गोड्या पाण्यात झालेली असते. खाऱ्या पाण्याची हमी त्यात धरू नये. छायाचित्रे बोट थांबलेली असतानाच काढावीत. कोरडे कपडे, टॉवेल, नेहमीची औषधे आणि चष्म्याची जास्तीची जोडी वेगळ्या पिशवीत किनाऱ्यावर ठेवावी, आणि परतण्याची अपेक्षित वेळ सोबत न येणाऱ्या एखाद्याला सांगून जावी.

निघण्यापूर्वी चालक सुरक्षेच्या सूचना देतो, तेव्हा गप्पा थांबवून त्या पूर्ण ऐकाव्यात. चालकाच्या अंगाला बांधलेली दोरी इंजिनाच्या कळीला जोडलेली आहे का, हेही पाहावे. तो पाण्यात पडला तर त्या दोरीमुळे इंजिन ताबडतोब बंद पडते. तशी दोरी दिसली नाही, तर ती बांधण्याची विनंती करण्याचा प्रवाशाला पूर्ण हक्क आहे. रेडिओवरचा 16 क्रमांकाचा चॅनेल संकटाच्या हाकेसाठी असतो आणि तीनदा ‘मेडे’ म्हणून ती हाक द्यायची असते, एवढे प्रत्येक मोठ्या प्रवाशाला माहीत असावे.

परतल्यानंतरचा वेळही मोकळा ठेवावा. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे त्या दिवशी लांबचे वाहन चालवणे दुसऱ्याकडे सोपवावे. जमीन काही तास डुलत असल्यासारखी वाटणे स्वाभाविक आहे. पाठीत किंवा मानेत कळ येत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर तो थकवा समजून चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जाकिटाच्या चेन, चष्मा आणि कॅमेऱ्याची पिशवी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळत घालावी.