जर्मन वकील-राजकारण्याचा जीवनपट वाचायचा कसा

मी जर्मन-मराठी दुभाषी आहे. जर्मन प्रांतांतल्या शिष्टमंडळांबरोबर काम असलं की पाहुण्यांचे जीवनपट आधी वाचावे लागतात, आणि त्यात 'वकील, लांडटाग सदस्य' अशी एखादी तरी असामी असतेच. लांडटाग म्हणजे प्रांताची विधानसभा. प्रांत १६ आहेत. बर्लिन, हांबुर्ग आणि ब्रेमेन इथं सभागृहाचं नाव वेगळं असतं, तेवढं जपा.

सगळ्यांची नजर आधी सर्वांत मोठ्या पदावर जाते. तुम्ही तसं करू नका. आधी साल बघा आणि दोन सालांच्या मधे काय चाललं होतं ते शोधा.

शिक्षणाच्या ओळीत दोन राज्य परीक्षा दिसल्या पाहिजेत. पहिली विद्यापीठानंतर. मग साधारण दोन वर्षं न्यायालय, सरकारी वकिलांचं कार्यालय, प्रशासन आणि वकिलाचं ऑफिस अशी उमेदवारी; त्यानंतर दुसरी. दुसरी झाली की न्यायाधीश होण्याचीही पात्रता येते. गुण १८ पैकी असतात, ४ ला पास, आणि ९ च्या पुढे गेलेला माणूस ते सांगायचं सहसा विसरत नाही! नावापुढे 'नोटरी' असेल तर त्याला नुसता शिक्के मारणारा समजू नका. जर्मनीत घर-जमिनीचा खरेदी करार नोटरीसमोर झाल्याशिवाय वैध ठरत नाही, त्यामुळे आपल्या भागात कोण काय विकतंय-घेतंय याची या माणसाला चांगली जाण असते.

आता एक खरा जीवनपट घेऊ. फोल्कर बुफिए, जन्म १९५१, हेसेन प्रांतातल्या गीसन शहरातले वकील आणि नोटरी. १९७६ ते १९८४ सीडीयू या पक्षाच्या युवा संघटनेचे हेसेनचे अध्यक्ष, १९८२ ला लांडटागमध्ये, १९८७ ला न्याय खात्यात राज्यसचिव. हे सचिवपद राजकीय असतं, बरं का. तो बढतीनं वर आलेला अधिकारी नव्हे. १९९१ ला त्यांचा पक्ष हरला, सचिवपद गेलं आणि ते पुन्हा लांडटागमध्ये आले. १९९९ ला गृहमंत्री, २०१० ते २०२२ मुख्यमंत्री. पाहुण्यांची ओळख करून देणारा मुख्यमंत्रिपदावरच थांबेल. मी मात्र १९९१ ते १९९९ वर बोट ठेवते. आठ वर्षं विरोधी बाकांवर काढायची म्हणजे हातात काहीतरी लागतं. सत्ता गेली तरी वकिलाचा धंदा उरतो, म्हणूनच जर्मन राजकारणात वकील इतके टिकून राहतात, असं माझं मत. मंत्रिपद आणि वकिली मात्र एकत्र चालत नाही. साधा आमदार आमदारकीबरोबर वकिली करू शकतो.

यानंतर नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या ओळी बघा. ही कामं बहुधा मानधनावरची, संध्याकाळच्या बैठकांची. तरी पुष्कळ जण आमदार झाल्यावरही ती सोडत नाहीत, कारण पुढचं तिकीट तिथल्याच कार्यकर्त्यांच्या हातात असतं. गप्पा सुरू करायला हाच विषय धरा. गावच्या पोहण्याच्या तलावाचा खर्च निघाला की गंभीर चेहऱ्याचा वकीलसुद्धा खुलतो.

मग जागा कशी मिळाली ते बघा: मतदारसंघातून थेट निवडून, की पक्षाच्या यादीतून? बहुतेक प्रांतांत मतदाराला दोन मतं असतात, एक उमेदवाराला आणि एक यादीला. यादीवाल्याला 'तुमचा मतदारसंघ' असं विचारलंत तर उत्तर मिळेल, पण जरा आखडतं.

समित्यांच्या ओळी पटकन वाचा. वकील कायदा समितीत असणारच, त्यात नवल नाही. तो शेती किंवा अर्थसंकल्पाच्या समितीत असेल तर कारण विचारा.

शेवटी दोन पानं शेजारी उघडा, लांडटागचं आणि त्याच्या वकिली फर्मचं. लांडटागच्या पानावर इतर व्यवसायांची नोंद सापडते, फर्मच्या पानावर तो कुठले खटले घेतो ते. बांधकाम कायद्याचा विशेषज्ञ वकील प्रांताच्या बांधकाम समितीत बसला असेल, तर दुभाष्यानं त्या बैठकीत कान जास्त उघडे ठेवावेत.