इंजिनचा आवाज आला की लगेच पाना उचलू नका: या चुका टाळा

बॉनेट उघडल्या उघडल्या "इंजिन गेलं" असं जाहीर करणारे खूप भेटतात. एके काळी मीही त्यांतलाच होतो. शिकाऊ असताना एका गाडीची आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता, जागेवर चालू असताना) जड ठक-ठक ऐकली आणि कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँक या मुख्य दांड्याशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग वाजतंय, असं छातीठोकपणे सांगून मोकळा झालो. ऑइल काढलं, चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) खोललं, बेअरिंगचे शेल, म्हणजे त्याच्या अर्धगोल पट्ट्या, काढल्या. पट्ट्या एकदम गुळगुळीत, नखाला लागेल असा ओरखडासुद्धा नाही. सगळं परत बसवलं, सेल मारला. ठक-ठक चालूच. उस्ताद काही बोलले नाहीत. इंजिन बंद करून त्यांनी बाहेरचा बेल्ट (एसी कॉम्प्रेसरसारखे भाग फिरवणारा) उतरवला आणि पुन्हा चालू केलं. आवाज गायब! एसी कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट कुठंतरी पडला होता, दुसरा ढिला. माझा अख्खा दिवस आणि चेंबरचं पॅकिंग फुकट गेलं.

तेव्हापासून मी आधी बेल्ट उतरवतो. फक्त बाहेरचा हं, टायमिंग बेल्टला (क्रँक आणि कॅमशाफ्ट जोडणाऱ्या आतल्या बेल्टला) हात नाही. आणि इंजिन काही सेकंदच चालवायचं, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो.

तरीही आवाज राहिला तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला (इंजिनच्या मुख्य धडाला), मूठ कानाला. फॅनपासून लांब राहा. पेट्रोल गाडीत मी एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा) कनेक्टर काढून बघतो. ज्या सिलिंडरला ठोका दबतो, तिथलं रॉड बेअरिंग संशयित. वरून हलकी टिक-टिक येत असेल आणि तिची लय इंजिनच्या अर्ध्या गतीची असेल, तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) बघा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याची) एकच होते. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचं) पॅकिंग फुटलं तरी अगदी असंच वाजतं. काजळीचा काळा डाग दिसतो का, ते आधी पाहा.

दुसरी चीड आणणारी चूक म्हणजे जाड ऑइल ओतून आवाज "बंद" करणं. बंद नाही, झाकला जातो. वर थंड इंजिनला ते ऑइल कॅमपर्यंत उशिरा पोचतं. आवाज काढायला बाटली ओतणाऱ्यांनी निदान डिपस्टिक तरी आधी ओढून बघावी. निम्म्या वेळा ऑइलच कमी असतं.

थंड इंजिन रेस करून आवाज "नीट ऐकणं" सोडा.

चढावर वरच्या गिअरमध्ये दामटल्यावरच किटकिट येते? गिअर उतरवा, पेट्रोलचा ऑक्टेन (असा ठोका रोखण्याची क्षमता दाखवणारा आकडा) तपासा.

पत्र्यासारखी खडखड असेल तर एक्झॉस्टचं हीट शील्ड (उष्णता अडवणारा पत्रा). थंड असताना हाताने हलवून बघा.

आणि ठक-ठकीसोबत ऑइलचा लाल दिवा लागला, तर "गॅरेजपर्यंत जाईल" म्हणू नका. जिथं आहात तिथंच बंद करा, टोइंग बोलवा.